दोन बोटं जास्तीची उडी

१

मुली फार उंच उडाल्या, एवढाच काय तो गुन्हा होता. पण मेलबर्नहून फोन आला तो थेट लबाडीचा आरोप घेऊनच, आणि विनीत गद्रेच्या हातातला चहा तसाच थंड झाला.

विनीत मूळचा कल्याणचा. नोकरीपायी काही वर्षं मेलबर्नला राहिला आणि परत येताना लोक चॉकलेटं आणतात तसा हा एक खेळच घेऊन आला. ऑस्ट्रेलियन फुटबॉल. लंबगोल चेंडू, भलंमोठं मैदान, चेंडूला लाथ मारायची, मूठ मारायची, आणि मुख्य म्हणजे चौघींच्या डोक्यांवरून उडी घेऊन तो हवेतल्या हवेत झेलायचा. जुन्या कल्याणातल्या केसरीनंदन व्यायामशाळेने त्याला मैदान दिलं. मल्लखांब आणि खो-खो खेळणाऱ्या आठ मुली बघता बघता या विलायती खेळाच्या नादी लागल्या.

तिकडचा एक क्लब ड्राफ्टच्या आधी, म्हणजे व्यावसायिक संघांनी मुली निवडण्याआधी, विनीतच्या दोघींना वर्षभराच्या शिबिराला बोलावणार होता. त्यासाठी तिकडे घेतात तशाच चाचण्या इथे घ्यायच्या होत्या. धावणं, वळणं, दमसास आणि उंच उडी. चाचण्या झाल्या, गुण लागले, दोन नावं जवळजवळ पक्की झाली, आणि मग हा फोन आला.

“महिन्यापूर्वीची सरावाची उडी आणि परवाची उडी मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली,” हेलनबाई म्हणाल्या. या बाई तिकडच्या चाचण्यांच्या प्रमुख. “आठपैकी सात मुलींची उडी महिन्याभरात जवळजवळ सारखीच वाढली. माणसं अशी वाढत नाहीत, विनीत. तुमच्या मोजमापाला कुणीतरी हात लावलाय. कुणी आणि कसा, ते उद्या दुपारपर्यंत कळवा. नाहीतर दोन्ही जागा दुसऱ्या शहराला जातील.”

विनीतने मुलींना गोळा करून सगळं सांगितलं. कुणी रडलं, कुणी चिडलं. दुसरी आलेली उर्वी तेवढी नखं कुरतडत विचार करत होती.

“सर, माझ्या आजीला बोलावू?”

“आजी डिटेक्टिव्ह आहे तुझी?”

“नाही हो. वजनमापवाली आहे. त्याहून डेंजर.”

२

मंदाकिनी कर्णिक ठाण्याला वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, तरी त्या दिसल्या की खोपटच्या बाजारातले भाजीवाले आपसूक तराजूचं पारडं पुसायला लागायचे. बाई कोथिंबिरीच्या जुडीलाही संशयाने बघतात, असं बाजारात बोललं जाई, आणि ते खोटं नव्हतं. त्यांचा संशय फक्त एका माणसापाशी थांबायचा, आणि ती म्हणजे उर्वी. लेक-जावई पुण्याला, नात कॉलेजसाठी आजीकडे. ती पोर जे काही करेल ते बाईंना खरंच वाटायचं.

नातीचा फोन येताच त्यांनी पर्समध्ये पोलादी टेप टाकली, खोपटच्या डेपोतून कल्याणची एसटी पकडली आणि पोचल्या पोचल्या पहिल्या संशयिताला गाठलं. पहिला संशयित म्हणजे उडीचा खांब.

मैदानात तो ताठ उभा होता. वरच्या टोकाला एकाखाली एक प्लास्टिकच्या पट्ट्या, हात लागला की फिरणाऱ्या. मुलीने उडी मारायची, जी सर्वांत वरची पट्टी हाताने फिरेल ती तिची उंची. त्यातून ती नुसती उभी राहून हात वर करते तेव्हा बोटं जिथे पोचतात ती उंची वजा करायची. उरेल ती उडी. पाचवीतल्या मुलाला यावं असं गणित होतं.

“विनीत, शिडी आण आणि चढ.”

“मी, काकू?”

“मग मी चढू का या वयात?”

पट्टीन्‌पट्टी मोजून झाली. खांब ओळंब्यात आहे का, पायाखालची जमीन सपाट आहे का, तेही पाहून झालं. मंदाकिनीबाईंनी टेप मिटली आणि जरा नाराजीनेच निकाल दिला, “खांब निर्दोष आहे.”

“मग हेलन म्हणते ते कसं?”

“वजाबाकीत दोन आकडे असतात ना रे? उडीचा आकडा या खांबावरचा. नुसता हात वर केल्याचं माप कुठे घेतलंत?”

“आत, तालमीत. बाहेरची भिंत दगडी आहे, खडबडीत. आत ऑइलपेंट आहे आणि भिंतीवर मोजपट्टी कायमची ठोकलेली आहे.”

“कोणी घेतलं?”

“इथल्या वस्तादांनी, शिवरामदादांनी. मी इथे खांबापाशी होतो.” विनीतने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. “दादांवर माझा संशय नाही हां, काकू. पण या तालमीतून आजवर कुणी परदेशात खेळायला गेलेलं नाही. त्यांची फार इच्छा आहे एवढंच.”

ज्याच्यावर संशय नाही त्याच्याबद्दल माणूस इतकं बोलत नाही. मंदाकिनीबाई तालमीकडे चालू लागल्या.

३

दारात बूट-चपलांचा हा ढीग पडला होता. तो चुकवत, आपल्या जाड तळव्यांच्या डॉक्टरी चपला एका कडेला सरकवत त्या आत गेल्या. आत तेलाचा, मातीचा आणि शेंदराचा थंडगार वास होता. समोर कोनाड्यात मारुती, त्याच्या डावीकडे फिकट हिरवी भिंत, भिंतीवर मोजपट्टी. शिवराम भोईर, तालमीचे वस्ताद, पट्टीखाली हाताची घडी घालून उभे होते. कुणीतरी येणार आणि विचारणार, हे त्यांना कळलेलं दिसत होतं.

“या बाई. आदी मारुतीचे पाया परा, मंग काय ती चवकशी करा.”

बाई पाया पडल्या. मग म्हणाल्या, “परवा माप कसं घेतलंत ते मला करून दाखवा. मुलगी म्हणून मलाच उभी करा.”

शिवरामना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत लपवलं. “टाचा भितीला लावा. नजर समोर. हात पुरा वर. हां, अस्सा. सगल्या पोरींचा असाच घेतला.”

माप सरळ होतं, खोट काढायला जागा नव्हती. वर केलेला हात खाली घेता घेता बाईंना सहज लहर आली. “आता आहेच इथे तर माझी उंचीही बघा.”

“दीडशेला दोन कमी.”

“शक्य नाही!” बाई गर्रकन वळल्या. “गेल्याच महिन्यात हाडांच्या डॉक्टरकडे मोजली. दारात शिरते न शिरते तोच नर्सने उभं केलं. दीडशेच्या वर होते मी.”

“वय झाला का मानूस आखरतो, बाई.”

“महिन्याभरात?” त्यांनी टेप काढली. मनातून त्यांना आनंदच झाला होता, कारण चोर सापडला होता. पट्टी चुकीची ठोकलेली असणार. त्यांनी ती जमिनीपासून वरपर्यंत मोजली, मग वरपासून खालपर्यंत मोजली, मग घोटभर पाणी प्यायल्या आणि तिसऱ्यांदा मोजली.

पट्टी अगदी अचूक होती.

शिवराम हे सगळं बघत होते. त्यांचा चेहरा उतरला होता. “बाई, माजे तालमीन लबारी नाय. मारुतीचे समोर माप घेतलाय मी. खोटा घेतला असंल तर हो हात झरू दे माजा.”

मंदाकिनीबाईंनी आयुष्यात अशा शपथा शेकड्याने ऐकल्या होत्या. वाण्यांच्या, दूधवाल्यांच्या, पेट्रोलपंपवाल्यांच्या. त्यातली एकही त्यांना पटलेली नव्हती. ही मात्र पटली, आणि तीच अडचण झाली. खांब खरा, पट्टी खरी, माणूसही खरा. तरी उडी खोटी.

४

तेवढ्यात संचिता डोंबिवलीहून स्कूटरवर येऊन थडकली. ती तिकडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. मुलींचं पळणं ती घ्यायची, आणि महिन्यापूर्वीची सरावाची चाचणी तिच्याच शाळेच्या पटांगणात झाली होती. खांब डोंबिवलीहून कल्याणला आणला तोही तिनेच, मैत्रिणीच्या गाडीतून.

“माझ्यावर संशय असेल तर स्पष्ट विचारा, काकू,” ती आत येऊन मॅटवर मांडी घालत म्हणाली. “हो, मी चिडलेली. खरी चाचणी पण आमच्याच शाळेत घ्यायची ठरलेली आणि विनीतने ऐनवेळी इकडे हलवली. आठवडाभर बोललेली नाहीये मी त्याच्याशी. पण म्हणून पोरींच्या पोटावर पाय देईन का मी?”

“सरावाच्या वेळी हात वर केल्याचं माप कुठे घेतलंत?”

“वर्गाबाहेरच्या भिंतीवर. पटांगणातून पोरी रांगेने यायच्या, हात वर करायच्या, मी खडूने खूण करायची. विनीत स्वतः शेजारी होता. वाटलं तर खुणा असतील अजून, बघून या.”

“आणि वाढल्या किती?”

“साधारण दोन बोटं.”

“बोट हे माप नव्हे.”

“तीनेक सेंटीमीटर,” संचिताने फोनमध्ये बघून सांगितलं. “तुमची उर्वी सगळ्यांत जास्त. आणि रुचिता अजिबात नाही, होती तिथेच आहे. म्हणून तर पोरी बोलतायत की हिनेच मेलबर्नला चुगली केली. पहिली आलेली पोर सगळ्यांच्या कोसभर पुढे आहे, तिचं सोडा. पण दुसऱ्या जागेसाठी उर्वी आणि रुचितामध्ये केसाचं अंतर आहे.”

रुचिता दाराशीच बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. टिटवाळ्याची मुलगी, सावळी, काटक, बोलायला तिखट.

“मी कशाला चुगली करू, आजी? इथलं चाचणीचं सेंटर रद्द झालं तर मी पण गेलीच ना. पुढच्या वर्षी वयात नाय बसत मी. उर्वी पण नाय बसत. आमचं दोघींचं काय ते ह्याच वर्षी.” तिने डोळे पुसले. “आणि रोज तिच्या डब्यातलं खाते मी. तुमची वालाची उसळ. जिचं खाते तिच्यावर उलटीन होय?”

“सगळ्या वाढल्या, मग तू का नाही वाढलीस?”

“मला काय माहीत? मी नेहमी उडते तशीच उडाली.”

बाहेरून शिट्टी वाजली. विनीत मुलींना बोलावत होता. आतल्या मुली उठल्या आणि दारात एकच गोंधळ उडाला. आपापले बूट शोधणं, एकमेकींच्या नाड्या ओढणं, खिदळणं. एवढा आरोप डोक्यावर असताना या हसू शकतात याचं मंदाकिनीबाईंना कौतुक वाटलं. रुचिता तेवढी त्या ढिगावरून उडी मारून तशीच मैदानात पळाली.

“बूट नाही का गं घालत ती?”

“धावताना घालते,” संचिता म्हणाली. “उडी अनवाणीच. विनीतने पहिल्या दिवशीच विचारून घेतलं, नियमात बसतं. तिला विचारलं तर म्हणते, बूट घालून उडायचं म्हणजे हातमोजे घालून भात कालवायचा.”

मंदाकिनीबाई हसल्या. हसत हसतच दाराबाहेर आल्या, चपला पायात सरकवल्या आणि उभ्या राहिल्या. मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं. त्या पुन्हा चपलांतून बाहेर आल्या, पुन्हा आत पाय घातला. शिवराम दारातून बघत होते. बाईंना चक्कर येतेय की काय असं त्यांना वाटलं.

“बाई, बरा वाटतंय ना?”

“बरं नाही वाटत, वस्ताद,” बाई म्हणाल्या. “सापडलं मला.”

५

कोडं सुटलं होतं. त्याला जे जे लागतं ते सगळं मंदाकिनीबाईंच्या सोबतीने वाचकांनीही पाहिलेलं आहे, तेव्हा उत्तरासाठी त्यांनी उद्या सकाळपर्यंत धीर धरायला हरकत नाही. पण त्या उत्तराबरोबर आणखी एक गोष्ट बाईंना लख्ख दिसली होती. खरं माप लागलं की सगळ्यांची उडी खाली येणार होती, रुचिताची सोडून. केसाचं अंतर उलटं फिरणार होतं. दुसरी जागा रुचिताची होती, उर्वीची नव्हती.

विनीत धावत आला. “काकू, मी म्हणतो एवढं कशाला ताणायचं? तुम्ही रिटायर्ड निरीक्षक. खांब तपासला, बरोबर आहे, पट्टी तपासली, बरोबर आहे, एवढंच लिहून द्या. हेलन मानेल. पोरींनी मेहनत केली म्हणून वाढल्या, बस.”

खोटं असं त्यात एक अक्षरही नव्हतं. एरवी मंदाकिनीबाईंनी असा दाखला डोळे मिटून दिला असता. “उद्या सांगते,” एवढंच त्या म्हणाल्या आणि उर्वीला घेऊन खोपटला परतल्या.

संध्याकाळी त्यांनी नातीला समोर बसवून सगळं सांगितलं. आधी तिलाच सांगायला हवं असं त्यांना वाटलं.

“म्हणजे मी गेले,” उर्वी शेवटी म्हणाली.

“बहुतेक.”

“सर म्हणतात तसं लिहून दे ना, आजी. खांब ठीक, पट्टी ठीक. खोटं थोडीच आहे ते?”

“खोटं नाही. पण दुकानदार मला हेच दाखवायचे गं. वजन खरं, तराजू खरा, आणि पारड्याच्या खाली चिकटवलेली चिंच.”

“मी चिंच नाही चिकटवलेली!” उर्वी ओरडली. “मला माहीतसुद्धा नव्हतं!”

“नव्हतंच माहीत. पण आता आहे.”

उर्वी उठली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. मंदाकिनीबाई कितीतरी वेळ ताटं वाढून बसल्या होत्या. स्वतःच्या शहाणपणाचा त्यांना इतका राग आजवर कधी आला नव्हता. सकाळी एसटीत नात दुसऱ्या सीटवर जाऊन बसली, खिडकीकडे तोंड करून.

६

दुसऱ्या दिवशी सगळे तालमीच्या दारात जमले. विनीतच्या लॅपटॉपवर हेलनबाई होत्या. मुली आत मॅटवर, बूट बाहेर ढिगात. मंदाकिनीबाई पायरीवर ठाण मांडून बसल्या आणि त्यांनी ढिगातला एक बूट उचलला.

“हा कुणाचा ते मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. बुटाच्या आत एक बोट आणि बाहेर टेप लावून त्यांनी टाचेखालच्या तळाची जाडी मोजली. “पण याची मालकीण महिन्याभरात तीन सेंटीमीटर वाढली.”

“माझा आहे तो!” आतून एक मुलगी ओरडली. संचिताने फोनमध्ये पाहिलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. “तीनच.”

दुसरा बूट. “ही अडीच वाढली असणार.”

“बरोबर.”

तिसरा, चौथा. दर वेळी बाई आधी सांगायच्या आणि संचिता फोन बघून मान हलवायची. मुली आता दाराशी गर्दी करून उभ्या होत्या, जत्रेत जादूगाराभोवती उभ्या राहाव्यात तशा. शेवटी बाईंच्या हातात निळे, जाड तळाचे बूट आले. ठाण्याच्या दुकानात त्यांनी स्वतःच निवडलेले. पोरीचे गुडघे जपायला हवेत म्हणून सगळ्यांत जाड तळवा मागून घेतला होता.

“हे उर्वीचे,” त्या म्हणाल्या. “यांचा तळ सगळ्यांत जाड, म्हणून ती सगळ्यांत जास्त वाढली. आणि रुचिता अनवाणी उडते, म्हणून ती मुळीच वाढली नाही.”

मग त्यांनी सावकाश उलगडून सांगितलं. डोंबिवलीला हात वर केल्याचं माप पटांगणात घेतलं, तेव्हा रुचिता सोडून सगळ्यांच्या पायात बूट होते. उडी मारतानाही बूट होते. बुटाचा तळ दोन्ही आकड्यांत होता, वजाबाकीत तो आपोआप गेला. इथे उडी बाहेर मारली, बूट घालून. पण हात वर केल्याचं माप आत घेतलं, अनवाणी. बुटाचा तळ एकाच आकड्यात राहिला आणि उडीत जाऊन बसला.

विनीतने कपाळावर हात मारला. लॅपटॉपमधून हेलनबाई म्हणाल्या, “पण मापाच्या वेळी बूट काढायला कुणी सांगितलं? त्या माणसाचं नाव हवंय मला.”

संचिताने शिवरामकडे पाहिलं, शिवरामनी विनीतकडे पाहिलं.

“कोनी नाय सांगितला,” शिवराम गोंधळून म्हणाले. “मारुतीचे समोर बूट घालून कोन जातो?”

विनीतने ते इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला आणि मध्येच थांबला, कारण तो स्वतःही परवा टेप आणायला आत गेला होता, आणि दारात बूट काढले हे त्याला आत्ता आठवत होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. आठ मुली, दोन प्रशिक्षक, एक वस्ताद आणि एक निवृत्त निरीक्षक त्या दारातून आत गेले होते आणि पायातलं काढल्याचं एकाच्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

शिवराम मटकन पायरीवर बसले. “म्हंजे चूक माजी.”

“चूक कुणाचीच नाही, वस्ताद,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “मारुतीला काय ठाऊक की आज माप चाललंय?”

विनीतने शेवटी ते सगळं इंग्रजीत सांगितलं, तशा हेलनबाई मोठ्याने हसल्या. केंद्र रद्द होणार नव्हतं. उड्या तशाच धरायच्या, फक्त हात वर केल्याचं माप आत्ता, मैदानात, त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा घ्यायचं. ज्या जशा उडाल्या तशाच उभ्या राहतील, बूटवाल्या बुटांत.

“आणि खांद्यावर लक्ष ठेवा,” त्या म्हणाल्या. “हुशार मुली खांदा जरासा खाली सोडतात. हाताचं माप कमी भरतं आणि उडी फुकटात वाढते. फोटोत दिसत नाही, आणि कुणी शपथ घेऊन सांगूही शकत नाही.”

७

विनीतने खांब खाली उतरवला. एकेक मुलगी यायची, हात वर करायची, शिवराम आकडा सांगायचे, संचिता लिहून घ्यायची. रुचिता अनवाणी आली. तिचं माप परवाइतकंच भरलं, आणि तिने डोळे मिटून छातीला हात लावला. आता तिच्या आणि मेलबर्नच्या मध्ये एकच मुलगी होती.

उर्वी सगळ्यांत शेवटी आली. तिने निळ्या बुटांच्या नाड्या बांधल्या, खांबाखाली उभी राहिली आणि हात वर केला.

तिचा खांदा सुटलेला होता.

इतका थोडा, की विनीतला दिसला नाही. संचिताला दिसला नाही, लॅपटॉपमधल्या हेलनबाईंनाही दिसला नाही. मंदाकिनीबाईंना दिसला. पारड्यावर टेकलेले अंगठे बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, आणि आवाज फुटला नाही. भर बाजारात व्यापाऱ्यांना धारेवर धरणाऱ्या मंदाकिनी कर्णिक, नातीच्या खांद्यापुढे मुक्या झाल्या. त्यांना वाटलं, वस्ताद, सांगून टाका आकडा. एकदाचा सांगून टाका. त्या क्षणी त्यांना हेच मनापासून हवं होतं, आणि त्याची त्यांना भयंकर लाज वाटत होती.

शिवरामनी पट्टीवर नजर लावली. “सांगू का?”

“थांबा, दादा,” उर्वी म्हणाली. “नीट नाही घेतलं मी.”

तिने हात खाली घेतला. एकदा रुचिताकडे पाहिलं. मग टाचा जमिनीला टेकवल्या, मान सरळ केली आणि हात वर घातला. खांदा कानाला भिडला, बरगड्या ताणल्या, कोपर सरळ झालं. बोटं आधीच्या पट्टीवरून वर गेली, आणखी एका पट्टीवर गेली, आणि तिथे थरथरत टेकून राहिली.

“आता सांगा,” ती म्हणाली.

शिवरामनी आकडा सांगितला. संचिताने वजाबाकी केली आणि फोन विनीतच्या हातात दिला. तो हेलनबाईंना नावं सांगत असतानाच रुचिता धावत जाऊन उर्वीच्या गळ्यात पडली. दोघींपैकी कोण कुणाची समजूत काढत होतं ते सांगणं कठीण होतं.

थोड्या वेळाने उर्वी डोळे पुसत आजीपाशी आली.

“बरोबर होतं ना गं माप?”

“बरोबर होतं,” मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि भर मैदानात, सगळ्यांसमोर, नातीला पोटाशी धरून रडायला लागल्या.